एकाच नावाची नऊ हजार पुस्तकं

पौडची साबेरा मुजावर भुकूमजवळच्या ग्रामीण तंत्र प्रशिक्षण संस्थेत ग्रंथपाल होती. पंपदुरुस्तीपासून शेळीपालनापर्यंत नाना धंदे शिकायला तिथं लांबलांबून माणसं येत, सहा-सहा महिने राहत आणि आपापल्या गावी परत जात. ग्रंथालय त्यांच्यासाठी होतं. नऊ हजार चारशे बारा पुस्तकं. हा आकडा साबेराला तोंडपाठ होता, कारण त्यातलं प्रत्येक पुस्तक तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हा, एकेका पुस्तकाचं कार्ड शाईने लिहिताना. दुसऱ्यांदा गेल्या चौदा महिन्यांत, तीच कार्डं समोर ठेवून कॉम्प्युटरमध्ये भरताना.

साल १९८८. भुकूम-पिरंगुटच्या पट्ट्यात तेव्हा कॉम्प्युटर बघितलेला माणूस शोधावा लागला असता. संस्थेला मात्र एका देणगीतून चार यंत्रं मिळाली होती. तीन ग्रंथालयातल्या टेबलांवर आणि चौथं, सगळ्यांत मोठं, शेजारच्या बंद खोलीत. सगळी माहिती त्या मोठ्याच्या पोटात. टेबलावरची तिन्ही यंत्रं तारेने त्याला जोडलेली. कुणी पुस्तक विचारलं की त्याला विचारायची आणि उत्तर द्यायची. पुण्याहून येणारा इंजिनियर वाल्मीक त्याला सर्व्हर म्हणे. संस्थेत बाकी सगळे म्हणत, 'थोरला'.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी साबेरा आली, शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, पहिलं यंत्र चालू केलं. पडद्यावर रोज यायची ती कामांची यादी आली नाही. इंग्रजीत एकच ओळ आली: सर्व्हर एरर. खाली एक आकडा, आणि पुढे चमकणारा ठिपका.

दुसऱ्या यंत्रावर तेच. तिसऱ्यावर तेच.

"आज थोरला रुसला वाटतं," दारातून गेणबा म्हणाला. गेणबा हा संस्थेचा शिपाई, भुकूमचाच, पन्नाशी उलटलेला. वाचता जेमतेम येई, पण निळ्या पाठीचं जाडं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर जातं, ते डोळे मिटून सांगायचा.

साबेरा हसली. तोवर तिला काहीच वाटलं नव्हतं. तारा हलवून बघितल्या, यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली, थोरल्याच्या खोलीत जाऊन स्टॅबिलायझरचा काटा बघितला. सगळं जागच्या जागी होतं. थोरला घरघरत होता, दिवाही हिरवा होता. नुसता बोलत नव्हता.

फोन संचालकांच्या खोलीत होता. संचालक हैबतराव शितोळे शेतकी खात्यातून निवृत्त होऊन इथं आलेले. माणूस उमदा, पण नव्याची भारी हौस. त्यांनी पुण्याचा कॉल लावायला सांगितला. अर्ध्या तासाने लाईन मिळाली.

वाल्मीकने तो आकडा ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. अनुक्रमणिका तुटलीय. पुस्तकाच्या मागं सूची असते ना, तशी यंत्राची एक सूची असते. ती अर्धवट राहिली की त्याला काही सापडत नाही. पुस्तकं आत आहेत, सूची नव्यानं बांधायची. लिहून घ्या."

साबेराने पाठकोऱ्या कागदावर सात पायऱ्या लिहून घेतल्या. थोरल्यासमोर बसून एकेक अक्षर तपासत त्या टाईप केल्या. पडद्यावर आकडे पळू लागले. एक, दोन, शंभर, हजार. तासाभराने ते नऊ हजार चारशे बारावर येऊन थांबले. ती टेबलापाशी परत आली. रोजची कामांची यादी आता नीट दिसत होती.

एक प्रशिक्षणार्थी कधीचा ताटकळत उभा होता. त्याला गोबर गॅसच्या टाकीवरचं पुस्तक हवं होतं. दाखल क्रमांक तिला पाठ होता, तिने तो टाकला. मराठी नावंही त्या यंत्रात इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत. पडद्यावर आलं: डोंगराळ भागातील शेळीपालन.

"हे नव्हं, बाई," तो म्हणाला.

क्रमांक चुकला असेल म्हणून तिने पुन्हा टाकला. डोंगराळ भागातील शेळीपालन. तिने दुसरा टाकला, विहिरीवरच्या पुस्तकाचा. डोंगराळ भागातील शेळीपालन. तिसरा, चौथा, दहावा. इंग्रजी शब्दकोश, शेळीपालन. पहिल्या कपाटातला पहिला क्रमांक आणि शेवटच्या कपाटातला शेवटचा, दोन्ही शेळीपालन. लेखक सगळीकडे तोच, प्रकाशक तोच, कपाट आणि फळीही तीच. फक्त क्रमांक तेवढे वेगळे.

साबेराची बोटं कळांवर तशीच राहिली. सगळी यादी चाळायची कळ तिने दाबली आणि ओळींमागून ओळी वर सरकू लागल्या. शेळीपालन, शेळीपालन, शेळीपालन. पान संपलं की नवं पान, त्यावरही तेच. चौदा महिने. रोज तीस-पस्तीस पुस्तकं. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी एसटीत बसल्यावर डोळ्यांपुढे अक्षरंच नाचायची. त्या सगळ्याची जागा एका पुस्तकाने गिळून टाकली होती.

"बाई, पानी आनू का?" गेणबा केव्हा शेजारी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"फ्लॉप्या," ती म्हणाली. "फ्लॉप्या आहेत."

रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी ती सगळ्या माहितीची नक्कल सहा फ्लॉप्यांवर उतरवून घेई. वाल्मीकने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की काहीही विसरा, हे विसरू नका. ती विसरली नव्हती. एकही दिवस चुकवला नव्हता. पत्र्याच्या कपाटातून तिने डबा काढला आणि पहिली फ्लॉपी यंत्रात सरकवली.

शेळीपालन.

सहाच्या सहा फ्लॉप्या. त्यांतही दुसरं काही नव्हतं.

एव्हाना बातमी फुटली होती. वर्ग सोडून वीस-पंचवीस जण दाराशी जमले. हैबतराव गर्दीतून वाट काढत आत आले, पडद्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हे असं कसं झालं?"

"माहीत नाही, सर."

"काल?"

"काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं."

"मग काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत थोरल्याच्या खोलीत कोण गेलं?"

साबेराने उत्तर दिलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. "सकाळी मी यायच्या आधी गेणबा झाडायला गेले होते. दुसरं कुणी गेलं नाही."

हैबतरावांनी मान वळवली. "गेणबा, हात लावलास यंत्राला?"

"व्हय," गेणबा म्हणाला. "धूळ बसली हुती. फडक्यानं पुसलं."

"ओल्या?"

"वलंच हुतं, पन पिळून घेतलं हुतं. रोजच पुसतुया की मी."

"बटणं दाबलीस?"

"न्हाई, सायेब."

"फडक्याखाली दाबली गेली असतील!" हैबतरावांचा आवाज चढला. "अरे, सोळा वर्षांचं ग्रंथालय त्यात होतं! तुला काही अक्कल?"

गेणबाने साबेराकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं, एवढीच अपेक्षा त्या नजरेत होती. रोज पुसतो हे तिला माहीत होतं. फडकं पिळून घेतो हेही माहीत होतं. पण त्या क्षणी तिलाही वाटलं, की हेच झालं असणार. दुसरं काय होणार? ती गप्प राहिली.

"घरी जा," हैबतराव म्हणाले. "बोलावल्याशिवाय यायचं नाही."

गेणबाने खांद्यावरचं फडकं खिडकीवर ठेवलं. जमलेल्या माणसांनी त्याला वाट दिली. कुणीतरी मागून म्हणालं, "लई वंगाळ झालं." ते गेणबाबद्दल होतं की पुस्तकांबद्दल, कळायला मार्ग नव्हता.

दुपारी दोनला पुन्हा पुण्याची लाईन लागली. हैबतराव वर्गावर गेले होते, त्यांच्या खोलीत साबेरा एकटीच होती. तिने वाल्मीकला सगळं सांगितलं.

"ओल्या फडक्यानं असं होत नाही, मॅडम," वाल्मीक म्हणाला. "फडक्यानं फार तर यंत्र बंद पडेल. नऊ हजार नोंदींवर एकच नाव बसायला कुणीतरी तसा हुकूम द्यावा लागतो. तुमचा प्रिंटर चालू असतो ना? दिवसभरात जे जे हुकूम दिले जातात, ते तो छापतो. कालचा कागद असेल बघा. तो आणा आणि शेवटच्या ओळी मला वाचून दाखवा. फोन ठेवू नका, मी थांबतो."

प्रिंटर ग्रंथालयाच्या कोपऱ्यात असे. दोन्ही कडांना भोकं असलेला त्याचा लांबलचक कागद घडीवर घडी पडत मागच्या टोपलीत साठायचा. तो कुणी कधी वाचत नसे. साबेराने वरच्या घड्या फाडून घेतल्या, फोनपाशी आली आणि वाचू लागली.

"चार वाजून दहा. नवीन नोंद. चार बावीस. पुस्तक परत. चार चाळीस. पुस्तक परत. पाच वाजून तीन मिनिटं. दुरुस्ती. नाव: डोंगराळ भागातील..."

उरलेलं तिने मनातच वाचलं.

ओळ पुढे होती. कागदावर जांभळट ठिपक्यांची अक्षरं स्वच्छ उमटली होती. कोणत्या क्रमांकाला लागू: कोरं. मग यंत्राने विचारलेला प्रश्न: सर्व नोंदींना लागू करायचं? आणि त्यापुढे उत्तर: हो. त्याखाली हुकूम देणाराचं नाव. सबंध संस्थेत हुकूम द्यायची परवानगी ज्या एका माणसाला होती त्याचं. साबेरा.

तिला सगळं आठवलं. एखादी खिडकी वाऱ्याने आदळून उघडावी तसं. काल संध्याकाळी तिला शेळीपालनाच्या नावात एक अक्षर चुकलेलं दिसलं होतं. एवढं दुरुस्त करून निघू म्हणून तिने सगळी नोंद नव्याने भरली. अम्माच्या, रहिमतबीच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि सहाच्या आत औषधाचे थेंब घालायचे होते. सव्वापाचची एसटी चुकली की पुढची सातला. यंत्राने काहीतरी विचारलं. ते विचारतंच नेहमी, आणि ती नेहमी हो म्हणते. तिने हो म्हटलं. पडद्यावर आकडे पळत होते, पण ती फ्लॉप्या क्रमाने लावत होती. मग रोजच्यासारखी नक्कल उतरवली. म्हणजे चांगली माहिती होती त्याच सहा फ्लॉप्यांवर स्वतःच्या हातांनी ही शेळी चढवली. मग यंत्र आपणहून सूची नव्याने बांधू लागलं, ते संपेना, घड्याळात पाच बारा झाले, आणि तिने टेबलावरच्या यंत्राचं बटण बंद करून फाट्याकडे धाव घेतली. सकाळची एरर त्या अर्धवट सूचीची होती.

ती हैबतरावांच्या खुर्चीत बसली. एरवी त्या खुर्चीला तिने हातही लावला नसता.

"मॅडम?" फोनमधून आवाज आला. "मॅडम, आहात ना?"

"हो."

वाल्मीक हुशार होता. त्याला कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, सुरुवातीला सगळ्यांच्या हातून होतं. माझ्याही झालंय. तो कागद तुमच्याजवळच राहू दे. मी उद्या येतो आणि अहवालात लिहितो की विजेचा दाब कमी-जास्त झाला. कुणी विचारणार नाही."

साबेराने कागदाकडे बघितलं. फाडायला दोन क्षण पुरले असते. बाहेर व्हरांड्यात कुणी नव्हतं. गेणबाचीही अब्रू वाचली असती, तिचीही. दोष विजेचा. विजेला कोण घरी पाठवणार?

"आणि माहिती?" तिने विचारलं. "ती परत येईल?"

"नाही, मॅडम. ती गेली. कार्डांवरून पुन्हा भरावी लागेल."

कार्डं.

कार्डं नव्हती. आदल्याच आठवड्यात हैबतरावांनी ती काढायला लावली होती. आता थोरला आलाय, जुनं लोढणं कशाला, लाकडी खण मोकळे करा, असं म्हणून. तेरा पोती झाली होती. पौडच्या बाजारातला रद्दीवाला अल्लाबक्ष टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. आपल्याच अक्षरातली कार्डं जाताना बघून साबेराला थोडं वाईट वाटलं होतं, पण तिने अडवलं नव्हतं.

तिने फोन ठेवला. कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि कुणालाही न सांगता फाट्यावर आली. पौडकडे जाणारा खडीचा ट्रक तिने हात करून थांबवला. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

अल्लाबक्ष दुकानासमोर बाटल्या निवडत बसला होता. त्याने तिला लहानपणापासून बघितलेलं. तिचा चेहरा बघूनच तो उठला.

"काय झालं, पोरी? अम्मा बरी हाय ना?"

"चाचा, ती कार्डं. संस्थेतली. तेरा पोती."

"ती व्हय. मंगळवारी गाडी आली हुती कागद-कारखान्याची. नेली."

"सगळी?"

"गाडीत मावली न्हाईत. दोन ऱ्हायलीत बग मागं." तो थांबला. "का? आता आन काय हुतं त्यात? तुमच्या सायबानंच म्हनलं की कचरा हाय."

मागच्या पडवीत बाटल्यांच्या ढिगाला टेकून दोन पोती उभी होती. साबेराने एकाचं तोंड सोडलं आणि मूठभर कार्डं बाहेर काढली. तिचंच अक्षर, सोळा वर्षांपूर्वीचं, तिरकं आणि काळजीपूर्वक. आता बाकीची अकरा पोती कुठल्यातरी हौदात लगदा होऊन पडली असतील. ती पोत्याशेजारी जमिनीवरच बसली. रडू आलं नाही. नुसती बसून राहिली. अल्लाबक्षने काही न विचारता चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी तो तसाच राहिला.

"चाचा, ही दोन उद्या परत पोचवाल?"

"उद्या कशाला, आत्ताच पोचवतो."

त्याच्याच टेम्पोत बसून ती परत आली. ऊन कलायला लागलं होतं. हैबतराव त्यांच्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते. साबेराने पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढे उलगडला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, हे मी केलं. गेणबांचा काही संबंध नाही."

हैबतरावांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. राग असेल तर तो तिला दिसला नाही. एखाद्याला डोळ्यांदेखत विहिरीत पडताना बघावं तसे ते बघत होते.

"मुजावरबाई," ते म्हणाले, "तुम्ही?"

"हो, सर. आणि कार्डांतली दोनच पोती उरलीत. अकरा गेली."

हे ऐकल्यावर मात्र त्यांनी नजर वळवली. खिडकीबाहेर टेम्पोतून पोती उतरत होती, ती त्यांना दिसत होती. "कार्डं विकायचा हुकूम माझा होता," ते पुटपुटले. "तुम्ही तुमचं सांगायला आलात. मला तेवढं सुचलं नसतं." मग एकदम म्हणाले, "गेणबाला निरोप पाठवा. उद्यापासून यावं म्हणावं."

"निरोप नको. मीच जाते."

गेणबाचं घर भुकूममध्ये मारुतीच्या देवळामागे होतं. गेणबा ओट्यावर दोरी वळत बसला होता. त्याची बायको सारजाबाई पावट्याच्या शेंगा सोलत होती. साबेराला बघून गेणबा उठू लागला, तशी सारजाबाई म्हणाली, "बसा की. काय उठायचं?"

साबेरा उभ्यानेच बोलली. चूक तिची होती, तो हुकूम तिने दिला होता, कागदावर छापून आलंय, साहेबांना सांगितलंय, उद्या कामावर या. गेणबा ऐकत होता. त्याच्या हातातली दोरी थांबली होती.

"म्हंजी म्या न्हाई क्येलं," तो हळूच म्हणाला. दिवसभर त्यालाही वाटत होतं, आपल्याच हातून झालं. ते त्याच्या आवाजात ऐकून साबेराला आपली लाज वाटली.

"नाही, गेणबा. तुम्ही काही केलं नाही. मला माफ करा."

तिला वाटलं, झालं. सगळ्यांत कठीण ते झालं. ती पायरीवरून मागे वळणार, तोच सारजाबाईने सूप बाजूला सारलं.

"बाई, याक इचारू?"

"विचारा."

"सकाळी ह्येनला घरी घालवलं, तवा माणसं किती हुती तितं?"

साबेरा गोंधळली. "वीस-पंचवीस असतील."

"आन आता हितं किती हायेत? तुमी, मी आन ह्ये. दुपारपासनं पान्याच्या टाकीवर बायका मला इचारत्यात, तुज्या दादल्यानं मशीन मोडलं म्हनं. समद्यांम्होरं चोर क्येलंत आन माफी कानात सांगताय व्हय?"

"सारजे, गप," गेणबा म्हणाला.

"का गप? खोटं बोलले का मी?"

दिवसभरात तिला किती धक्के बसले होते: पडद्यावरची ती ओळ, फ्लॉप्या, कागदावरचं तिचं नाव, पडवीतली दोन पोती. पण हा धक्का सगळ्यांत खोल गेला, कारण हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांकडे जाऊन कबूल केलं तेव्हा आपण फार मोठं काही केलं, असं तिला वाटलं होतं. गेणबाच्या नावाला चार माणसांत लागलेला डाग आपण चार भिंतींआड पुसू बघत होतो, हे या बाईने सांगितल्याशिवाय तिला दिसलं नसतं.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "उद्या सकाळी प्रार्थनेला तुम्हीही या. दोघं या."

शुक्रवारी सकाळी साडेआठला संस्थेच्या पटांगणात प्रार्थना झाली. सव्वाशे प्रशिक्षणार्थी रांगांत उभे होते. थंडीने सगळ्यांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. सारजाबाई धुतलेलं लुगडं नेसून फाटकापाशी उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. हैबतरावांनी नेहमीच्या सूचना दिल्या आणि बाजूला झाले. साबेरा पुढे आली. हातात तोच कागद होता.

"काल ग्रंथालयातली सगळी माहिती गेली," ती म्हणाली. आवाज बारीक येत होता, मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" तिने पुन्हा सुरुवात केली. "गेणबांनी फडक्यानं पुसलं म्हणून ती गेली, असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते खोटं आहे. परवा पाच वाजून तीन मिनिटांनी काय झालं, ते या कागदावर आहे. मी वाचून दाखवते."

तिने ती ओळ वाचली. नाव, क्रमांकाची कोरी जागा, यंत्राचा प्रश्न, हो, आणि शेवटी स्वतःचं नाव. सव्वाशे माणसं तिच्याकडे बघत होती आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काय आहे, ते तिला वाचता येत नव्हतं. गेणबा पहिल्या रांगेच्या टोकाला टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने वर बघितलं नाही.

"काल मला विचारलं तेव्हा मी गप्प बसले," साबेरा म्हणाली. "ती दुसरी चूक."

रांगा मोडल्या, माणसं वर्गांकडे निघाली. फाटकाकडे बघितलं तर सारजाबाई वळून रस्त्याला लागली होती. तिच्यापुरतं काम झालं होतं.

दुपारी वाल्मीक पुण्याहून स्कूटरवर आला. तीन तास थोरल्याशी झटला आणि हात झटकत उठला. काहीच परत मिळालं नाही. जाताना मात्र त्याने एक बदल करून दिला. सर्व नोंदींना लागू करायचं असेल तर आता नुसतं हो चालणार नव्हतं. नऊ हजार चारशे बारा हा आकडा पूर्ण टाईप करावा लागणार होता. शिवाय त्याने स्वतःच्या डब्यातल्या बारा कोऱ्या फ्लॉप्या काढून टेबलावर ठेवल्या, एकाआड एक दिवस वापरायला, म्हणजे आदल्या दिवसाची नक्कल शिल्लक राहील. अहवालात त्याने खरं तेच लिहिलं. हैबतरावांनी त्याखाली कार्डांबद्दलचं आपलं वाक्य जोडलं आणि सही केली. वरून एक कडक पत्र आलं, दोघांच्याही नावाने. साबेराची त्या वर्षीची बढती अडली.

मग सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून. दोन पोत्यांतली कार्डं लावली, तर तीही सलग नव्हती. कुठं कृषी, कुठं सुतारकाम, मधले शेकडो क्रमांक गायब. बाकीचं फळीवरच्या पुस्तकांवरून भरायचं ठरलं. गेणबा कपाटातून पुस्तकं काढून आणी, साबेरा पान उघडून टाईप करी, गेणबा परत नेऊन लावी. पहिल्या दिवशी एकोणीस झाली. दोघं फारसं बोलत नव्हते. पूर्वी तो मध्येच एखादी गंमत सांगायचा, ते बंद झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्याने पुस्तक ठेवताना म्हटलं, "ह्ये लाल हाय पन याची जागा पिवळ्यांत. पावसात पुट्टा गेला हुता, नवा घातलाय." साबेराने मान हलवली आणि लिहून घेतलं. त्या एका वाक्याचा तिला केवढा आधार वाटला.

गेणबाने एक अट मात्र पहिल्याच दिवशी घातली होती. टेबलापुढे उभा राहून, नजर जमिनीवर ठेवून तो म्हणाला होता, "बाई, काम करतो. पन थोरल्याच्या खोलीत म्या पाय ठेवनार न्हाई. झाडनार न्हाई, पुसनार न्हाई. तसं लिवून द्या."

तिने लिहून दिलं, आणि हैबतरावांची सही आणली. गेणबाने तो कागद दोनदा वाचून घेतला, चार घड्या करून टोपीच्या आत ठेवला. सगळी पुस्तकं पुन्हा भरून व्हायला पुढची दिवाळी उजाडली. त्यानंतरही गेणबा निवृत्त होईपर्यंतची सहा वर्षं साबेरा रोज पंधरा मिनिटं आधी येई, पदर खोचून ती खोली स्वतः झाडी, आणि पिळून घट्ट केलेल्या फडक्याने थोरला पुसून काढी. एवढ्या वर्षांत गेणबाने कधी उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकलं नाही, आणि तिने कधी त्याला तसं सुचवलंही नाही.